सायनोटाइप: ऊन सगळ्यांना जमतं, घोळ होतो तो कागदात आणि पाण्यात

सायनोटाइप, म्हणजे उन्हात निळे फोटो छापायची जुनी पद्धत, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, गडद निळा कागद, त्यावर पांढरं फर्नचं पान, आणि कृती काय तर "रसायन लावा, उन्हात ठेवा, पाण्यात धुवा, झालं". हे खोटं नाहीये. पण एवढ्यावर करायला बसलं की पहिले दोनचार प्रिंट फिकट येतात, निळ्याच्या जागी मळकट करडं काहीतरी येतं, नाहीतर धुताना सगळा फोटोच बेसिनमध्ये वाहून जातो, आणि मग माणूस उन्हाला दोष देतो. ऊन कमी पडलं, ढग आले, वेळ चुकली वगैरे. माझं मत विचाराल तर महाराष्ट्रात राहून उन्हाला नावं ठेवण्यात अर्थ नाही, दहातल्या आठ वेळा लोचा कागदाचा नाहीतर पाण्याचा असतो, आणि तो का असतो हे कळायला थोडी केमिस्ट्री लागते. दहावीपर्यंतची पुरते, घाबरू नका.

तर मुळात हा फोटो बनतो कशाचा? लोखंडाचा. नेहमीच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्म आणि पेपरमध्ये चांदी असते, म्हणून ते महाग. इथे चांदीचा कणही नाही. दोन क्षार लागतात, एक फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसरं पोटॅशियम फेरिसायनाइड. पहिलं हिरवट रंगाचं असतं, आपल्याकडच्या रक्तवाढीच्या काही टॉनिकांमध्येही तेच लोह असतं. दुसरं लालभडक खड्यांसारखं दिसतं आणि पाण्यात पिवळं होतं.

लोखंड क्षारात असताना दोन अवस्थांमध्ये सापडतं हे शाळेत शिकलोय, फेरिक आणि फेरस, फरक एका इलेक्ट्रॉनचा. आपण कागदावर जे लावतो त्यात सायट्रेटबरोबरचं लोखंड फेरिक असतं. त्यावर अल्ट्राव्हायोलेट उजेड पडला की सायट्रेट मोडतं आणि जाता जाता लोखंडाला एक इलेक्ट्रॉन देऊन जातं, म्हणजे फेरिकचं फेरस झालं. हे फेरस लोखंड शेजारी बसलेल्या फेरिसायनाइडला भिडतं आणि दोघांचं मिळून प्रशियन ब्लू नावाचं गडद निळं रंगद्रव्य तयार होतं, जे पाण्यात विरघळत नाही आणि कागदाच्या धाग्यात अडकून बसतं. जिथे उजेड पोचलाच नाही तिथे दोन्ही क्षार आहेत तसेच, आणि ते पाण्यात विरघळतात, म्हणून धुतल्यावर तिथला कागद पांढरा निघतो. संपलं. चित्र उमटवायला वेगळा डेव्हलपर नाही, ते पक्कं करायला फिक्सर नाही, पाणीच दोघांचं काम करतं.

बरेच जण समजतात की उजेडाला नाजूक असतं ते फेरिसायनाइड. मुख्य काम सायट्रेटकडे आहे, फेरिसायनाइड नुसतं वाट बघत असतं कधी फेरस मिळतंय याची. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता सायनाइड. नाव ऐकून घरात वादळ होतं, आई म्हणते हे असलं घरात आणायचं नाही. फेरिसायनाइडमध्ये सायनाइड असतं हे खरं, पण ते लोखंडाला इतकं घट्ट धरून बसलेलं असतं की साध्या हाताळणीत सुटत नाही, त्याची विषारीता कमी आहे. गंमत म्हणजे यातून बनणारं प्रशियन ब्लू चक्क औषध आहे, थॅलियमची विषबाधा किंवा किरणोत्सारी सीझियम पोटात गेलं तर ते गोळीच्या रूपात देतात. पण एक गोष्ट अगदी काटेकोर पाळायची, फेरिसायनाइडचा तीव्र ॲसिडशी संबंध येऊ द्यायचा नाही आणि ते तापवायचं नाही, कारण तेव्हा मात्र खरोखरच विषारी वायू सुटू शकतो. म्हणजे बाथरूममध्ये ट्रे धुताना टॉयलेट क्लीनर किंवा फरशीचं ॲसिड अजिबात नको, ब्लीचही नको. पावडर मोजताना मास्क, हातात ग्लोव्हज, आणि चमचा-वाटी-ट्रे जे काही वापराल ते परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही. एवढं केलं तर शाळेतल्या मुलांबरोबरही करण्यासारखा हा प्रकार आहे, फक्त द्रावण मोठ्यांनी बनवायचं.

थोडा इतिहास, कारण तो मजेशीर आहे. ही पद्धत शोधली जॉन हर्शलने, १८४२ मध्ये, इंग्लंडमध्ये. हर्शल मुळात खगोलशास्त्रज्ञ, पण रसायनांमध्येही हात घालायचा. चांदीचे फोटो पक्के करायला जो हायपो वापरतात त्याचा तो गुण त्यानेच आधी शोधून ठेवला होता, आणि निगेटिव्ह-पॉझिटिव्ह हे शब्द फोटोग्राफीत त्यानेच रुळवले. सायनोटाइपचा त्याने धंदा काही केला नाही. त्याच्या ओळखीतल्या एका घरातल्या बाईने मात्र यातून भन्नाट काम केलं. ॲना ॲटकिन्स, वनस्पतींची अभ्यासक. तिने समुद्री शेवाळं गोळा केली, वाळवली, कागदावर थेट ठेवून उन्हात धरली, आणि १८४३ पासून १८५३ पर्यंत भागाभागाने त्यांचं अख्खं पुस्तक काढलं, जवळपास ४०० पानं, सगळी हाताने बनवलेली, मजकूर सुद्धा तिच्याच अक्षरात आणि तोही सायनोटाइपमध्येच. फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचंच नाव घेतात. शेवाळाचं चित्र हाताने काढणं किती कटकटीचं असतं याचा विचार केला की तिने हा मार्ग का धरला ते कळतं, एकेक तंतू दिसतो त्यात.

पुढे तीसएक वर्षं हे असंच छंदासारखं पडून राहिलं आणि १८७० च्या दशकात अचानक इंजिनियर लोकांच्या लक्षात आलं की अरे, ड्रॉइंगची कॉपी काढायला यापेक्षा स्वस्त काहीच नाही. ट्रेसिंगवर काळ्या शाईने नकाशा काढायचा, तो या कागदावर ठेवून उन्हात धरायचा, रेघेखाली उजेड जात नाही म्हणून रेघ पांढरी आणि बाकी सगळं निळं. तेच ब्लूप्रिंट. कागद ओला होऊन वाळताना आकसतो, त्यामुळे ब्लूप्रिंटवर पट्टी लावून मापं घेण्यात धोका असायचा, लिहिलेला आकडाच खरा धरायचा. नंतर अमोनिया प्रिंट आले, पांढऱ्यावर निळी रेघ, ज्यांनी जुन्या आर्किटेक्टच्या ऑफिसात काम केलंय त्यांना तो नाकात जाणारा वास आठवत असेल, त्यांनी ब्लूप्रिंटला घरी बसवलं. मधल्या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात माफेकिंग गावाला वेढा पडला होता, तेव्हा १९०० मध्ये गावात अडकलेल्या लोकांनी पोस्टाची तिकिटं चक्क याच पद्धतीने छापली. एकावर सायकलवर बसलेला पोरगा आहे. निळी तिकिटं, पाण्यात धुतलेली.

असो. आता कृतीकडे.

सगळ्यात प्रचलित प्रमाण असं, बाटली एक मध्ये १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, बाटली दोन मध्ये १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. पाणी डिस्टिल्ड घ्या, बॅटरीत घालायचं मिळतं ते चालतं. बाटल्या ब्राऊन काचेच्या. वापरायच्या वेळी दोन्ही समान भाग मिसळायचे, लागेल तेवढंच, कारण वेगवेगळ्या बाटल्या महिनोन् महिने टिकतात पण मिसळलेलं द्रावण त्याच दिवशी संपवावं. सायट्रेटच्या बाटलीत बुरशी येते, दिसायला किळसवाणं पण गाळून घेतलं की काम करतं. सायट्रेट विकत घेताना हिरवं मागायचं, तपकिरीही मिळतं पण ते उजेडाला सुस्त असतं. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला केमिकलची दुकानं आहेत, पुण्यात किंवा कुठल्याही कॉलेजच्या गावात लॅबला माल पुरवणारे असतात, त्यांच्याकडे विचारायचं. पावसाळ्यात ही हिरवी पावडर हवेतलं पाणी ओढून चिकट होते म्हणून डबा घट्ट बंद.

आठ बाय दहा इंचाच्या जागेला ३ ते ४ मिली मिश्रण पुरतं, म्हणजे या दोन बाटल्यांत पन्नासएक प्रिंट निघतात. तयार कोटिंग केलेले कागद विकत मिळतात त्यांचं मला फारसं कौतुक नाही, पहिल्यांदा मुलांबरोबर करायला ठीक, पण कागद आपल्या हातात राहत नाही आणि अर्धी मजा कागदातच आहे.

कोटिंग करायला पूर्ण अंधार नको. साधा पिवळा बल्ब किंवा वॉर्म एलईडी चालतो, खिडकीचे पडदे ओढायचे, ट्यूबलाइट बंद. ब्रश मऊ आणि रुंद घ्या, ज्याला लोखंडी पत्र्याची पट्टी नाही असा, कारण द्रावण त्या पत्र्याला लागलं की लोखंड सुटतं आणि कागदावर निळे ठिपके उठतात, आणि मग माणूस शोधत बसतो हे आले कुठून. आडवे हात मारायचे, मग उभे, डबकं राहू द्यायचं नाही आणि घासायचंही नाही. कागद लिंबाच्या सालीसारखा पिवळट हिरवा दिसायला हवा. अंधारात वाळू द्यायचा, घाई असेल तर हेअर ड्रायर, पण थंड हवेवर. कोटिंग केलेला कागद शक्यतो त्याच दिवशी वापरा. ठेवून दिला तर आपोआप निळसर व्हायला लागतो, आणि जुलैत कोकणात असाल तर हे काही तासांतच होईल, कारण दमट हवेत कागद वाळतच नाही आणि आतल्या आत रिॲक्शन सुरू होते.

आता तो कागद.

प्रशियन ब्लूला अल्कली अजिबात सहन होत नाही. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, चुना, साबण, काहीही लागलं की ते मोडतं, लोखंड गंजासारखं पिवळट होऊन खाली राहतं आणि निळा रंग जातो. आणि इथेच गंमत आहे, की चित्रकलेचे जे चांगले, महागडे कागद असतात त्यातल्या बऱ्याच कागदांमध्ये मुद्दाम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडू घातलेला असतो, कागद शंभर वर्षांनी पिवळा पडू नये, हवेतलं ॲसिड त्याला खाऊ नये म्हणून. पाकिटावर अभिमानाने ॲसिड फ्री, बफर्ड असं लिहिलेलं असतं. वॉटरकलरसाठी तो उत्तम गुण आहे, पण सायनोटाइपचा तो शत्रू. आपण द्रावण लावतो, ते खडूला भिडतं, आणि एक्स्पोजर व्हायच्या, म्हणजे कागदाला उजेड द्यायच्या, आधीच अर्धं काम बिघडलेलं असतं. म्हणून महागडा कागद आणून फिकट प्रिंट, आणि स्टेशनरीच्या दुकानातल्या साध्या कार्ट्रिज पेपरवर झकास निळा, असा उलटा प्रकार घडतो आणि लोकांना वाटतं आपण काहीतरी भलतंच केलं.

ओळखायचं कसं? कागदाच्या कोपऱ्याला व्हिनेगरचा थेंब टाकून कान जवळ न्या, बारीक बुडबुडे दिसले किंवा आवाज आला तर आत खडू आहे. हे दरवेळी दिसतंच असं नाही, त्यामुळे खरी परीक्षा म्हणजे पट्टी कापून कोटिंग करून बघणं. कोटिंग लावल्यावर अंधारातच तासाभरात पिवळ्याचं मळकट हिरवं-निळं व्हायला लागलं तर तो कागद नापास. आवडता कागदच बफर्ड निघाला तर त्यालाही उपाय आहे, सायट्रिक ॲसिडच्या ५ टक्के पाण्यात आधी भिजवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत, मग साध्या पाण्यातून काढून वाळवायचा आणि मग कोटिंग. खटाटोप आहे, पण प्रिंटमध्ये जो फरक दिसतो तो बघितल्यावर कुरकुर होत नाही.

जाडी ३०० जीएसएमच्या आसपास बरी, कारण कागद बराच वेळ पाण्यात राहणार आहे, पातळ कागद हातात फाटतो. कॉटनचा असेल तर उत्तम. प्लॅटिनम प्रिंटिंग या फोटो छापायच्या दुसऱ्या पद्धतीसाठी म्हणून खास कागद बनतात, अर्शचा प्लॅटीन किंवा हानेम्यूलेचा प्लॅटिनम रॅग, त्यात खडू नसतो आणि त्यावर सायनोटाइप देखणे येतात, पण किंमत बघून हात आखडतो. आपल्याकडचा हातकागद करून बघण्यासारखा आहे, पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, सांगानेरचाही कागद सगळीकडे मिळतो. फक्त हातकागदात प्रत्येक लॉट वेगळा निघतो आणि काहींमध्ये खळ कमी असल्यामुळे द्रावण टीपकागदासारखं खोल शिरतं, मग निळा गडद येत नाही आणि धुवायलाही वेळ लागतो. थोडे कागद आणा, पट्ट्या करून बघा, पसंत पडला तर त्याच लॉटचे जास्त घेऊन ठेवा.

पान-फूल ठेवून केलं तर निगेटिव्हची गरज नाही, पण माझ्या मते सायनोटाइप खरा खुलतो तो फोटोवरून केल्यावर, ज्यात मधले करडे टोन असतात. इथे एन्लार्जर, म्हणजे छोटी निगेटिव्ह दिव्याने मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र, चालत नाही, कागद इतका मंद आहे की त्याला थेट उन्हाचाच यूव्ही लागतो, म्हणून निगेटिव्ह कागदाला चिकटवून ठेवायची आणि निगेटिव्ह जेवढी तेवढाच प्रिंट. ज्यांच्या घरी जुन्या स्टुडिओतल्या हाफ प्लेट, फुल प्लेटच्या काचेच्या निगेटिव्ह पडून आहेत त्यांची चैन आहे, थेट वापरता येतात, फक्त कागद कडकडीत वाळलेला हवा आणि मध्ये पातळ पारदर्शक पॉलिएस्टर शीट टाकावी, नाहीतर ओलसर कोटिंग त्या निगेटिव्हला कायमचं चिकटेल आणि आजोबांच्या लग्नाचा फोटो निळा होईल.

बाकीच्यांनी डिजिटल निगेटिव्ह. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, उलटा करा म्हणजे काळ्याचं पांढरं, आरशातल्यासारखा फिरवा म्हणजे शाईची बाजू कागदाला लागेल आणि रेघ तीक्ष्ण येईल, आणि इंकजेटसाठी असलेल्या ट्रान्स्परन्सी शीटवर प्रिंट करा. साधी ओएचपी शीट इंकजेटमध्ये घातली तर शाई घसरते, ती लेझरची. लेझर प्रिंटचा काळा मात्र यूव्हीला पुरेसा अडवत नाही, तेव्हा दोन शीट नीट जुळवून एकावर एक ठेवायच्या.

इथे अडचण येते ती अशी, की स्क्रीनवर छान दिसणारा फोटो नुसता उलटा करून छापला तर चेहऱ्याचे हायलाइट म्हणजे उजळ भाग धुताना वाहून जातात आणि सावल्या एकजीव निळ्या होतात. कागदाला टोन जसे हवेत तसे द्यायचे तर आधी एक चाचणी. कोटिंग केलेल्या पट्टीवर शाई नसलेली कोरी ट्रान्स्परन्सी ठेवा, पुठ्ठा सरकवत सरकवत २, ४, ८, १२, १६ मिनिटं असे टप्पे द्या, धुवून वाळवा. एका टप्प्यानंतर निळा जास्त गडद होतच नाही. जिथे तो थांबला तो तुमचा वेळ, त्या कागदाला, त्या शीटला, त्या ऋतूतल्या उन्हाला. मग पुढचं सगळं सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह, म्हणजे टोन कमीजास्त करायची रेघ, वाकवून करायचं, वेळ बदलून नाही. करड्या रंगाच्या पायऱ्यांची पट्टी छापून, कुठल्या पायऱ्या एकमेकीत मिसळल्या ते बघून, त्या कर्व्हमध्ये लांब करायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण एकदा केलं की झालं.

ऊन. कडकच हवं असं नाही. आपल्याला हवा तो अल्ट्राव्हायोलेट, आणि तो ढगातूनही येतो, सावलीत मोकळ्या आभाळातूनही येतो, फक्त वेळ वाढतो. दुपारच्या उन्हात ५ ते २० मिनिटं, ढगाळ दिवशी अर्धा तास किंवा जास्त. सपाट निगेटिव्हला कुठून का उजेड येईना, फरक पडत नाही. पण पान, फूल, पीस, कुलूप-किल्ली असली जाड वस्तू ठेवली असेल तर पडतो, कारण तिरकं ऊन वस्तूच्या कडेखाली शिरतं आणि कड पुसट होते. म्हणून असल्या प्रिंटसाठी दुपारी बारा-साडेबाराची वेळ, आणि मे महिन्याचा मध्य तर झकासच, त्या सुमारास पुणे-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि वस्तूची सावली तिच्या पायाशीच राहते. हवी तर उलटी मजाही करा, सकाळी आठच्या तिरक्या उन्हात ठेवून लांबट, विरघळत जाणाऱ्या कडा मिळवा.

वर काच साधी ३-४ मिलिमीटरची चालते, आपल्याला लागणारा बराचसा यूव्ही ती सोडते. ॲक्रिलिक घेत असाल तर बघून घ्या, यूव्ही रोखणारं पण ॲक्रिलिक मिळतं, त्याखाली ठेवला तर कागद संध्याकाळपर्यंत पिवळाच. खाली लाकडी फळी, वर काच, चारही बाजूंनी क्लिप, एवढ्यावर भागतं. फक्त मधे वाकू नये, निगेटिव्ह आणि कागदात फट राहिली की तेवढा भाग धूसर.

कळायचं कसं की झालं? निगेटिव्हच्या बाहेर कोटिंगची थोडी कड उघडी ठेवा आणि तिच्याकडे बघत रहा, पिवळट हिरवी, मग निळी, मग गडद निळी, आणि मग एकदम उलटी फिरून राखाडी-चंदेरी व्हायला लागते. नवख्याला वाटतं जळालं, काढा लवकर. काढायचं नाही. निळा तयार झाला तरी उजेड थांबत नाही, त्याच्यामुळे त्या निळ्यालाही इलेक्ट्रॉन मिळत राहतात आणि त्याचं जवळजवळ रंगहीन रूप होतं, ते नंतर हवेतल्या ऑक्सिजनने परत निळं होणारच आहे. कड राखाडी होऊन सावल्यांचा भागही थोडा राखाडीकडे झुकला की प्रिंट तयार. धुताना बराच रंग जातो, म्हणून डोळ्यांना जास्त वाटेल इतकं एक्स्पोजर द्यायचं. घरात यूव्ही लाइट लावूनही करता येतं, ब्लॅकलाइट ट्यूब किंवा यूव्ही एलईडीची पट्टी, पावसाळ्यात तोच आधार, आणि वेळ दरवेळी सारखा राहतो हा फायदा. डोळे सांभाळा तेवढं, त्या दिव्याकडे बघत बसायचं नाही.

आणि मग पाणी, ज्याच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये प्रिंट उलटा टाकायचा, हलवत राहायचं, पाणी पिवळं होतं ते ओतून नवीन घ्यायचं, १० ते १५ मिनिटं, पांढऱ्या भागातला पिवळसरपणा पूर्ण जाईपर्यंत. पिवळं राहिलं तर तिथे क्षार शिल्लक आहेत आणि भिंतीवर लावल्यावर ते हळूहळू निळे होतील. लोखंडी, गंजलेला ट्रे नको, कारण वर सांगितलंच, न वापरलेलं फेरिसायनाइड लोखंडाची वाटच बघत असतं.

नळाचं पाणी कसं आहे यावर सगळं अवलंबून. बोअरवेलचं पाणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जड आणि अल्कलीकडे झुकलेलं असतं, सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो तोही बरेचदा बोअरचाच. कागद बफर्ड असल्यावर जे होतं तेच इथे होतं, धुता धुता निळा उतरत जातो, विशेषतः हलके टोन, आणि माणूस समजतो की एक्स्पोजर कमी झालं, पुढच्या वेळी दुप्पट देतो, मग सावल्या बुजतात, तरी चेहरा पांढराच. उन्हात काही चुकलेलंच नसतं. उपाय एकदम साधा, पहिल्या धुण्याच्या पाण्यात एका लिटरला दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर किंवा चिमूट-दोन चिमूट सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच. दोनचार मिनिटं त्यात, मग साध्या पाण्यात. अशा आंबट पाण्यात धुतलेल्या प्रिंटमध्ये मधले टोन जास्त टिकतात, कॉन्ट्रास्ट जरा मऊ होतो, पोर्ट्रेटला फार छान. हे ॲसिड सौम्य आहे म्हणून चालतं. माशांच्या टाकीसाठी पीएच मोजायचा किट मिळतो, तो एकदा आणून घरचं पाणी तपासाच, पुढची बरीच डोकेदुखी वाचते. आणि ट्रेमध्ये विसरून तासभर ठेवू नका.

धुऊन झालं की प्रिंट काहीसा फिकट दिसतो. वाळला की गडद होतो, आणि पूर्ण रंग यायला एक दिवस लागतो कारण ऑक्सिजन हळूहळू काम करतो. धीर नसेल तर शेवटच्या पाण्यात मेडिकलमधलं ३ टक्केवालं हायड्रोजन पेरॉक्साइड एक झाकण टाका, डोळ्यासमोर खोल निळा होतो. फोटो काढून मित्रांना पाठवायला बरं पडतं, पण प्रिंटमध्ये त्याने वेगळं काही येत नाही, दुसऱ्या दिवशी तो तसाही तिथेच पोचला असता.

निळा आवडत नसेल तर तोही बदलता येतो, आणि इथे अल्कलीचा तोच वाईट गुण कामाला येतो. धुण्याच्या सोड्याच्या अगदी पातळ पाण्यात, लिटरला अर्धा चमचा, प्रिंट बुडवला की निळा उडून पिवळट होतो. मग नीट धुऊन कडक, दूध-साखर नसलेल्या काळ्या चहात तासभर. चहातलं टॅनिन त्या उरलेल्या लोखंडाला धरतं आणि तपकिरी-काळा रंग येतो, लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तीच ही रिॲक्शन. नुसत्या चहात टाकला, सोडा न वापरता, तर निळा-काळा येतो. हिरड्यात टॅनिन भरपूर, त्याचा काढा करूनही बघा. कागदाचा पांढराही चहाने थोडा रंगतो हे धरून चाला, काही फोटोंना ते शोभतं, काहींना नाही. माझा कल निळाच ठेवण्याकडे आहे, चहाचे प्रिंट बघायला गेलं तर पाचातले चार उगीच जुनाट दिसण्याचा आव आणणारे वाटतात.

कापडावरही होतं, आणि आपल्याकडे कापड मुबलक. सुती हवं, खादी, मलमल, मांजरपाट. कोऱ्या कापडाला खळ असते, ती आधी गरम पाण्यात धुऊन पूर्ण काढायची, आणि डिटर्जंट वापरलं तर ते शेवटच्या थेंबापर्यंत धुवून काढायचं, नाहीतर कोटिंग लावल्या लावल्या बिघडतं. कापड द्रावण खूप पितं, कागदाच्या कितीतरी पट. आणि पुढे तो कुर्ता नेहमीच्या पावडरने धुतला तर दोनचार धुण्यांत डिझाइन गायब, कारण आपल्या धुण्याच्या बहुतेक पावडरी अल्कलीच्या असतात. न्यूट्रल लिक्विड, थंड पाणी, हाताने. कुणाला भेट देत असाल तर हे चिठ्ठीवर लिहून द्या.

ज्यांना पुस्तकी वाचून जमत नाही, कुणीतरी समोर करून दाखवायला हवं असतं, त्यांच्यासाठी गोव्यात गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी आहे, असल्या जुन्या पद्धतींसाठीच.

शेवटचा प्रश्न नेहमी येतो, टिकतो का? टिकतो, ॲना ॲटकिन्सची पानं अजून निळी आहेत. पण सतत उन्हात किंवा प्रखर उजेडात टांगला तर फिकट होतो, तेच, उजेडाने निळ्याचं रंगहीन रूप होतं. असा फिकटलेला प्रिंट भिंतीवरून काढून काही दिवस अंधारात, हवा लागेल असा ठेवला तर बराचसा रंग परत येतो, चांदीच्या फोटोला हे सुख नाही. फ्रेम करताना मागचं-पुढचं माउंट मात्र बफर्ड नसलेलं सांगा. फ्रेमवाला म्हणेल साहेब ॲसिड फ्री आहे, एकदम भारी, तर त्याला विचारायचं, त्यात खडू आहे का?